डॉ. निलेश यांनी पेशंट सोडून डेटा धरल्याबाबत

विषय : समोरच्या दारातील डॉ. निलेश यांनी पेशंट तपासणे सोडून पेशंटांची आकडेवारी तपासणे सुरू केल्याबाबत. तसेच आमच्या चिरंजीवांनी त्याच वाटेने जाण्यासाठी केलेल्या अर्जाबाबत.

वरील विषयास अनुसरून सांगायचं तर, आपलं भलं झालं की पेढे वाटून विषय संपतो. शेजाऱ्याचं भलं झालं की किस्से साठत जातात. माझ्याकडे बरेच साठलेत.

मी घाटकोपरच्या एका इस्पितळात केसपेपर सांभाळून निवृत्त झालो. मुलुंडला आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एकातून आमचा अजित आणि दुसऱ्यातून निलेश एकाच वर्षी डॉक्टर झाले. अजितने विक्रोळीला दवाखाना थाटला. निलेश एका संशोधन संस्थेत गेला. हजारो पेशंटांचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर ताडून कुठला आजार कुठे वाढतोय, हे तो सांगतो. अजितलाही आता तिथेच जायचंय. अर्ज केलाय. शेवटची सही निलेशची.

मी जळतो, असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे. मी त्याची नोंद घेतली आहे.

* * *

निलेशला नोकरी लागली तेव्हा त्याची आई पेढे घेऊन आली.

"डॉक्टर होऊन पेशंट बघणार नाही?" मी विचारलं.

"पेशंटांची माहिती बघणार," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी सौ.ला म्हटलं, "म्हणजे माझंच काम की. मी जन्मभर दुसरं काय केलं?"

सौ. म्हणाली, "तुम्हाला न्यायला खाली गाडी नाही आली कधी."

* * *

तळमजल्यावरचे परब मूळचे मालवणचे. सोसायटीत डॉक्टर दिसला की रिपोर्ट दाखवायचा, हा आपला रिवाज. परबांनी लिफ्टपाशीच निलेशसमोर गुडघा धरला.

निलेश म्हणाला, "काका, मला आता एका माणसावरून काही सांगता येत नाही. हजार असते तर सांगितलं असतं."

परब म्हणाले, "आता हजार गुडघे मी खंयसून हाडू?"

मग ते अजितकडे आले. अजितने गुडघा तपासला, गोळ्या दिल्या, फी घेतली नाही. परब सोसायटीभर सांगत सुटले, "निलेश केवढो मोठो झालो, एक माणूस त्याका पुरत नाय."

गुडघा आमच्याकडे, कौतुक समोर.

* * *

एकदा निलेश लॅपटॉप घेऊन चहाला आला. पडद्यावर पेशंटांच्या जन्मतारखांचा आलेख होता आणि त्यात एक जूनवर ताडासारखा उंच खांब. मला गुदगुल्या झाल्या. पूर्वी मुलाला शाळेत घालताना मास्तर जन्मतारीख एक जून ठोकून द्यायचे, हे कोणाला ठाऊक नाही? मीही एक जूनचाच.

मी म्हटलं, "निलेश, तुझ्या कॉम्प्युटरला वाटत असेल, एक जूनला जन्मलेली माणसंच जास्त आजारी पडतात."

"त्याला नाही, काका, आमच्या बंगळुरूच्या साहेबांना वाटलं होतं. मी म्हटलं, सर, माझे बाबापण एक जूनचेच. तेव्हापासून टीम माझ्याकडे आहे."

ज्या तारखेने मला खऱ्या वयाआधी निवृत्त केलं, तिने त्याला बढती दिली.

* * *

मग ते वारं आमच्या घरात शिरलं. अजित दवाखान्यात लॅपटॉप उघडून ऑनलाइन धडे बघू लागला. आपल्या पेशंटांच्या शुगरचे तक्ते करू लागला. मी एकदा डबा घेऊन गेलो, तर समोर एक आजी तोंड उघडून बसल्या होत्या आणि हा पडद्यात गुंग.

बऱ्याच वेळाने आजींनी विचारलं, "डॉक्टर, जीभ आत घेऊ का रे?"

घरी आल्यावर मी त्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, रोज तोच खोकला, तेच औषध. हा खोकला येतो कुठून, ते मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज केला. मग, सही त्याचीच म्हणून, मी निलेशला जिन्यात गाठून गोड बोलू लागलो. सौ. दारात उभी राहून बघायची आणि आत जाऊन हसायची.

* * *

गेल्या रविवारी निलेशच्या बाबांच्या छातीत भरून आलं. घरात मुलगा डॉक्टर, तरी निलेशने आमची बेल वाजवली.

"अजित आहे? जरा चल ना यार."

अजितने नाडी बघितली, बीपी घेतलं, त्यांना धरून खाली नेलं, कार्डिओग्राम काढून आणला. काळजीचं काही नव्हतं. तरी तो त्यांच्या पलंगाशी बसून राहिला. आम्हीही तिथेच होतो.

जरा बरं वाटल्यावर निलेशचे बाबा म्हणाले, "निलेश, याचा अर्ज तुझ्याकडे आलाय ना?"

"हो, बाबा."

"घेऊ नकोस याला."

"का?"

"मग मला कोण बघणार? तू?"

निलेश हसला. अजित बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळत होता. त्याने तो उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

आज सकाळी निलेश जिन्यात भेटला. मी विचारलं. "बघतो, काका," म्हणाला.

अर्ज प्रलंबित आहे.