वाळवी फूटपट्टी धरून खात नाही

“या पानाचा खालचा भाग कुठे गेला?” फादरनी विचारलं.

“वाळवीनं खाल्ला,” मी म्हणालो. भंडाऱ्यात इतकी वर्षं बाइंडिंगचं दुकान चालवलं, पण एवढं धडधडीत खोटं कधी बोललो नव्हतो.

ऐंशी साल लागायचं होतं. फादर मूळचे केरळचे, मिशन दवाखान्यात वीस वर्षं काढलेली. त्यांच्या घराण्यातलं प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडे बांधायला आलं. पूर्वी बाइंडर जुनी पानं एकावर एक चिकटवून पुठ्ठा करत. तो पुठ्ठा उकलला, तर आत चामड्याची काळवंडलेली चार पानं. रजिस्टरच्या पाठीला आतून आधार द्यायला असं चामडं फार चांगलं. मी एका पानाची पट्टी कापली आणि मोहाडी तहसीलच्या जावक रजिस्टरला लावून टाकली. रजिस्टर गेलंसुद्धा. मग उरलेली पानं ओल्या फडक्यानं पुसली आणि अक्षरं वर आली. ती पानं फादरना दाखवली, पट्टीची गोष्ट मात्र लपवली.

लिपी सुरियानी, केरळच्या जुन्या ख्रिस्ती प्रार्थनांची; पानं पुस्तकाहून कित्येक शतकं जुनी. फादर हरखून गेले. रोज दुकानात बसून त्याचं मराठी करू लागले. प्रार्थना साधीच होती: भुकेल्याला भाकर दे, वाटसरूला दे, वैऱ्यालाही दे. शेवटी नक्कल करणाऱ्याची टीप: ‘माझ्याकडून एक ओळ सुटली, ती इथे लिहितो.’ आणि तिथेच पान संपत होतं.

माझं वाळवीचं उत्तर ऐकून फादरनी कडेवरून बोट फिरवलं. “भाऊ, तुमच्या भंडाऱ्याची वाळवी फूटपट्टी धरून खाते का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मीच कापलं, फादर. मले कोरं वाटलं.”

ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांची बदली झाली होती. चार दिवसांत निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एस.टी.नं मोहाडी गाठली. तहसीलदार साहेबांनी रजिस्टर उकलायची परवानगी दिली, तिथले बाबू मात्र हसायलाच लागले.

“काहून हो, बांधलं तुम्हीच, अन् आता तुम्हीच उकलून राहिले?”

“माही चूक आत राहिली, बाबूजी.”

नशीब, मी सरस नाही, मैद्याची लई वापरली होती. ओलं फडकं ठेवल्यावर तासाभरात पट्टी सुटली. रजिस्टर तिथेच बसून नीट बांधून दिलं.

संध्याकाळी दुकानात फादरनी पट्टी पानाला जुळवली आणि सावकाश वाचलं: ‘आणि ज्याची आम्हाला आठवणच झाली नाही, त्यालाही दे.’

नेमकी तीच ओळ लिहिणारा विसरला होता. त्यानं आठवणीनं खाली लिहिली, आणि मी कापली.

तेव्हापासून कात्री लावण्याआधी पान उजेडात धरतो, कोरं दिसलं तरी. आणि वाळवीवर आळ घेत नाही.