बाराव्या लूमचा हूड

गाडी आमच्या दारात आली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. ती उठायला तयार नव्हती, म्हणून तिला गाडीसकट टेम्पोवर चढवलं.

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात एक जुनी भाताची गिरण पाडून तिथे गोदाम बांधायचं होतं. मी त्या गोदामवाल्यांकडे सुपरवायझर होतो, म्हणजे दुसऱ्यांची खोकी मोजायचो. गिरणीच्या मागच्या पडवीत ही गाडी सापडली. दोन दारांची, लांब नाकाची, वरून उघडी. टपाच्या जागी एके काळी कापडी हूड होता, त्याच्या नुसत्या लोखंडी कमानी उरल्या होत्या. गिरणीच्या म्हाताऱ्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "कोंबडी माझी हाय, ती परत आणून दे. गाडी ने."

बायको दारात उभी राहून बघत होती. ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. आधीच एका खोलीत शिलाई, एका खोलीत आम्ही, आणि अंगणात आता हे. "घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं," एवढंच बोलून ती आत गेली. संध्याकाळी कोंबडीला दाणे मात्र तिनेच टाकले.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी त्यांची आहे. गाडी आपली निमित्ताला.

भिवंडीत, नारपोलीत आमच्या घराला लागूनच पत्र्याची शेड होती आणि तिच्यात बाबांचे बारा लूम, म्हणजे विजेवर चालणारे माग. माझा जन्म त्या खडखडाटात झाला. आमच्या घरात कुणी हळू बोललं तर त्याला बरं नाही असं समजायचे. बाबा तर सगळंच ओरडून बोलायचे. चहा मागताना ओरडायचे, देवाची आरती ओरडून म्हणायचे, माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तिथेही ओरडले. मुलीकडच्यांना वाटलं, स्थळ मोडलं. बायको सांगते की त्या दिवशी तिला एवढंच कळलं की या घरात कानात कुणी काही सांगणार नाही.

मग धंदा बसला. आमच्या गल्लीत शेड-शेडमधून लूम भंगारात निघाले, तसे आमचेही निघाले. दिवाळी झाल्यावर अकरा लूम दोन दिवसांत गेले. घणाने फोडून नेले. बाबा अंगणात खुर्ची टाकून बघत होते. बारावा त्यांनी ठेवला. भंगारवाल्याला म्हणाले, "दसऱ्याला पुजायला एक तरी पायजे. पुढचा दसरा झाला का दुसऱ्या दिवशी येऊन ह्यो पन ने."

त्या दिवसापासून माझा बाप बोलायचा बंद झाला. भांडण नाही, आजार नाही. खडखडाट थांबला आणि त्याच्यावर चढवायचा आवाजही थांबला. सकाळी खुर्चीत बसायचे ते जेवायला उठायचे. मला लहानपणापासून त्यांच्या शिव्या खायची सवय. शिव्या बंद झाल्या तेव्हा मी मनापासून घाबरलो. एक लूम असताना हा माणूस एवढा गप्प, तर तोही गेल्यावर काय होईल, हे मला रोज वाटायचं. दसरा जवळ येत होता आणि मला काही सुचत नव्हतं.

म्हणून मी गाडी दुरुस्त करत होतो असं कुणी समजू नये. मी काही श्रावणबाळ नाही. गाडी मी त्या पौषात माझ्या हौसेला आणली. माणसाला अडचणीच्या वेळी नेमकी बिनकामाची हौस सुचते.

गाडीतलं मला काही कळत नव्हतं. कळायचं ते लूमच्या मिस्त्रीला. हा उत्तर प्रदेशातला, पन्नाशीचा, पान खाणारा माणूस. आमच्या गल्लीत चालू राहिलेले सगळे लूम तोच जुळवायचा. भिवंडीत तेव्हा रोज तासन्‌तास लाइट जायची. जायचं वेळापत्रक होतं, पण ते कुणी पाळत नसे, लाइटसुद्धा. लाइट गेली की लूम बंद, लूम बंद की मिस्त्री मोकळा. तो पाना घेऊन आमच्या अंगणात यायचा. लाइट आली की बोनेट तसंच उघडं टाकून पळायचा. आमची गाडी अख्खी लोडशेडिंगवर उभी राहिली. ज्या आठवड्यात लाइट गेलीच नाही त्या आठवड्यात मी चक्क शिव्या घातल्या, आणि शेजाऱ्याने त्या ऐकल्या.

"छोटे सेठ," मिस्त्री मला म्हणायचा. मी कुठला सेठ, पण तो सोडायला तयार नव्हता. "लूम हो या गाड़ी, एक ही बात है. जो हिलना चाहिए वो जाम है, और जो जाम होना चाहिए वो हिल रहा है."

या एका तत्त्वावर त्याने इंजिन उतरवलं, साफ केलं आणि परत चढवलं. पंख्याला लूमच्या मोटरचा पट्टा बसला. दारं आपोआप उघडायची, त्यांना लूमवरच्या चामड्याच्या वाद्या लावल्या. चार-पाच बोल्ट उरले, ते त्याने खिशात टाकले आणि म्हणाला की हे कंपनीने जास्तीचे दिले होते. श्रावणात गाडी पहिल्यांदा सुरू झाली. एवढा काळा धूर निघाला की समोरच्या बाईने जरा ऊन पडलं म्हणून वाळत घातलेले पापड उचलून माझ्या बायकोला आणून दिले आणि म्हणाली, तुम्हीच खा.

बाबा खुर्चीतून हे सगळं बघायचे. बघायचे म्हणजे डोळे उघडे असायचे.

गाडीला गडद लाल रंग मारून झाला आणि उरला फक्त हूड. मी मुंबईहून काळ्या रेक्झिनचा तुकडा नमुना म्हणून आणला आणि कमानीवर टाकून बघत होतो. खुर्ची करकरली. बाबा उठून आले, तुकडा दोन बोटांत धरला.

"हे काय हाय?"

"रेक्झिन. हुडाला."

"इकत आनलंस?"

"हो."

"कापड इकत आनलंस. ह्या घरात."

दहा महिन्यांत ते माझ्याशी एवढं सलग बोलले नव्हते. रेक्झिन माझ्या अंगावर टाकून ते शेडमध्ये गेले आणि बाराव्या लूमवरचा धुळीचा पडदा त्यांनी ओढून काढला.

मग अंगणात उलटाच कारभार सुरू झाला. लाइट गेली की मिस्त्री गाडीवर, लाइट आली की बाबा लूमवर. आमच्या लूमवर आयुष्यभर पातळ कापड निघालं. हुडाला जाड पाहिजे म्हणून बाबांनी दुहेरी सूत मागवलं, आणि मिस्त्रीकडून लूम तीनदा जुळवून घेतला. तीनदा त्याला नालायक म्हणाले. मिस्त्री बाहेर येऊन मला डोळा मारायचा. लूम सुरू झाला त्या दिवशी भिंतीवरची भांडी हलली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आली बाई घराला जाग."

कापड सुंदर निघालं. खरंच सांगतो, घट्ट, एकसारखं, सायीच्या रंगाचं. आमच्या गावात लूमवरून असंच कोरं कापड निघतं, त्याला ग्रे म्हणतात. सुताला भरपूर खळ असते, त्यामुळे ते कडक असतं. ते ट्रकात चढतं आणि धुलाईला, रंगाला बाहेरगावी जातं. मीही म्हटलं, काळा रंग देऊन आणू.

"रंगाला न्हाय धाडायचं," बाबा म्हणाले. "चाळीस वर्सं माजं कापड ट्रकात चढताना बगितलं. पुढं त्याचं काय झालं, कुनाच्या अंगावर गेलं, मना ठावं न्हाय. ह्यवडं एक माज्या दारात ऱ्हाऊ दे."

काळ्या रंगाचा बेत मी तिथेच सोडला.

हरकत घेतली ती बायकोने. हूड तिच्याच मशीनवर शिवायचा होता. तिने कापड हातात घेतलं, चुरगाळून बघितलं आणि विचारलं, "भिजवून घेतलंय का आधी? साधं अस्तराचं कापड असलं तरी मी आधी भिजवते. नाहीतर आटतं."

बाबा हसले. मिस्त्री हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. "अगं, हे काय ब्लाउजचं अस्तर आहे? हूड आहे हा, हूड. आणि बाबांना तू कापडातलं सांगतेस?"

"बरं," ती म्हणाली. ज्याचं लग्न झालंय त्याला या शब्दाचं वजन सांगायला नको. मशीनच्या सात सुया मोडल्या तरी तिने हूड शिवून दिला.

आम्ही तो कमानींवर ताणून बसवला. ढोलावर चामडं ताणतात तसा. मागे पट्टीखाली खिळे मारले, पुढे काचेच्या चौकटीला दोन खिट्ट्या. हूड असा बसला की बाबांनी त्याच्यावर टिचकी मारली आणि आवाज ऐकला.

दसऱ्याच्या सकाळी शेडमध्ये लूमची पूजा झाली. बाबांनी झेंडूचा हार घातला आणि बराच वेळ लूमच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले. उद्या भंगारवाला येणार हे आम्ही तिघंही जाणून होतो, आणि तिघंही प्रसाद खात होतो. माझ्या मनात वेडी आशा होती की आज गाडी बघून, तिच्यावर आपलं कापड बघून म्हातारा बदलेल.

मग गाडीची पूजा. आणि पूजेआधी गाडी धुवायची, हे शेंबडं पोरही सांगेल. मी हूड लावून, पाइप सोडून, गाडी वरपासून खालपर्यंत झकास धुतली.

आधी पांढरं पाणी आलं. मला वाटलं साबण राहिला असेल, पण साबण लावलाच नव्हता. हुडातून खळ निघत होती. भाताची पेज उतू जावी तशी ती लाल रंगावरून ओघळत होती, काचेवर, दिव्यांवर, दारांवर. पुसली तर चिकटली. कडक हूड मऊ पडून आत झोळी झाला. मी म्हटलं, ऊन आहे, वाळेल.

ऊन होतंच. दसऱ्याचं ऊन, माथा भाजून काढणारं. हूड वाळला आणि वाळताना आटला. आधी पुढच्या खिट्ट्या तटातट उडाल्या, मग मागचे खिळे एकेक करून बाहेर आले, मग मधली कमान वाकली. दुपारपर्यंत हुडाची पुढची कड काचेपासून वीतभर मागे गेली होती. सहावीतला युनिफॉर्म दहावीत घातल्यासारखी गाडी दिसत होती. शिलाई तेवढी एका टाक्यालाही उसवली नव्हती.

मुहूर्त टळू नये म्हणून मी चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडी सुरू केली आणि पुढे घेतली. नऊ महिन्यांच्या मेहनतीनंतर गाडी स्वतःच्या ताकदीने फाटकाबाहेर गेली, लिंबू चिरडलं. कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

सगळे बाबांकडे बघत होते. बाबांनी हुडावर हात फिरवला. मग कापडाचा कोपरा चिमटीत धरून चोळला.

"येवडी वर्सं इनलं," ते हळू म्हणाले. "भिजलेलं कवा बगितलंच न्हाय."

ते शेडमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. शेवटचं एक कापड माणसाने घरी ठेवायला विणलं आणि मी त्याचा गावभर तमाशा केला. आता हा खुर्चीतून उठणार नाही. बायको शेजारी उभी होती. "मी सांगितलं होतं" असं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. ती म्हणाली नाही, आणि त्याने मला जास्तच लाज वाटली.

चहाच्या वेळी दार उघडलं. बाबा बाहेर आले ते विणून उरलेल्या कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ बायकोच्या शिलाईच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. या खोलीत ते आजवर कधी गेले नव्हते.

"सूनबाय," ते म्हणाले, "भिजवायचं कितीक वेळ?"

"एक रात्र, बाबा. गार पाण्यात. आणि पिळायचं नाही, तसंच निथळू द्यायचं."

"न्हाय पिळत," बाबा म्हणाले. बायकोने मोठा टब काढून दिला. बाबांनी कापड मोजून कोपऱ्यावर पेन्सिलने लिहिलं, मग पाण्यात सोडलं आणि त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड दोरीवर वाळत होतं आणि बाबा टेप लावून ते किती आटलं ते बघत होते. तेवढ्यात भंगारवाला टेम्पो आणि दोन घणवाले घेऊन फाटकात आला. मी पुढे झालो, पण त्याला परत पाठवणार कसा? शब्द बाबांनीच दिलेला होता.

भंगारवाला म्हणाला, "चाचा, दसरा हो गया. ले जाऊँ?"

लाइट गेलेली होती. लूम बंद, गल्ली बंद, नारपोलीत सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत माझा बाप टेप हातात धरून, पूर्वीसारखा, बारा लूमच्या वर चढवायचा त्या आवाजात ओरडला, "हूड आटलाय माजा! दिसत न्हाय? नवा इनायचा हाय! चल, नीघ!"

समोरच्या बाईने खिडकी उघडून बघितलं. बायको आतून म्हणाली, "चहा टाकते." बाबा माझ्याकडे वळले आणि त्याच आवाजात म्हणाले की मी एक नंबरचा गाढव आहे, आणि पूजेआधी कुणी पाइप सोडतं का.