उशिरा येणारी ओ

हाकेला ओ उशिरा आली की मी हातातलं टाकून उठते. घरचे हसतात. हसू द्या, त्यांनी कुठं माझ्यासारखा मोहा वेचलाय!

आमच्याकडे मोहा पडायला लागला की पहाटेच बायका टोपल्या घेऊन जंगलात जातात. जिचं-तिचं झाड वेगळं. फुलं वाकून वेचावी लागतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही. म्हणून मधून मधून एकीनं 'कूऽऽ' करायचं आणि बाकीच्यांनी लागलीच ओ द्यायची. एकदा माझ्या जावेची ओ आलीच नाही. आम्ही ओरडत धावलो, तर ती झाडाला चिकटून उभी आणि समोर अस्वल मोहा खात बसलेलं. आमचा गलका ऐकून ते गेलं. जाऊ म्हणे, "ओ देली असती तं माह्याच अंगावर आलं असतं ना वो बाई." ती वाचली, पण माझी ती रिकामी गेलेली हाक अजून कानात आहे.

आता नातीचं सांगते. कॉलेजात शिकते, सुट्टीत गावी येते. तिला मोबाईलवर मारामारीचा खेळ खेळायचा नाद. दोघंच असतात, आणि समोरचा कुठल्या कुठे बसलेला. लाथा, मुक्के, अडवणं, सगळं बोटांवर. चांगली खेळते म्हणतात, स्पर्धेत उतरते. पण आमच्या घरात नेटवर्क येतं नि जातं.

"आजी, मी अडवते, पण तवर त्याची लाथ लागून गेली असते," ती चिडायची. "कधी तं मी त्याले पाडलेलं दिसते, आन् मंग चित्र मांगं सरकते आन् मीच पडली असते."

"म्हणजे झालेलं पुसून जाते?"

"हव. खबरच उशिरा येते ना इथी."



नेटवर्क चांगलं मिळायचं ते फक्त बोडीवर. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं गावाबाहेरचं लहान तळं. तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड आहे, त्याखाली बसलं की खेळ अडकत नाही. पण त्याच बोडीवर तेव्हा वाघ पाण्याला येत होता. दिवस कलला की तिकडे फिरकू नका, असं गावात सांगून ठेवलं होतं. आणि पोरीची मॅच नेमकी त्याच वेळेला.

"नाई जायचं," मी म्हटलं.

"घरून खेळली तं हरणारच आहो मी."

"हार मंग. जिवानं तं राहशील."

"तू चल न माह्यासंगं. तू वाघ पाहा, मी मॅच पाहते."

तिच्या तोंडाकडे पाहून मी विरघळले. सुनेनं माझ्या हातात काठी आणि वाजवायला पत्र्याचा डबा दिला. "दोघीयले बी येड लागलं," म्हणाली.

मी अट घातली: हेडफोननं एकच कान झाकायचा आणि माझ्या हाकेला ओ द्यायची. ती झाडाखाली बसली. मी थोडी पुढे, जंगलाची वाट पाळीला मिळते तिथं उभी राहिले. वळून पाहिलं तर पोरगी मोबाईलवर वाकलेली, अगदी मोहा वेचणाऱ्या बाईसारखी.

"सरळ बस!"

"हव." पण पुन्हा वाकली.

कू केलं, ओ आली. पुन्हा केलं, जरा थांबून आली. त्यानंतरची तर इतकी उशिरा आली की मी दोन पावलं माघारी वळले होते.

"काऊन उशीर करून राह्यली?"

"मार खाऊन राह्यली मी, थांब न आजी!"

ऊन झाडांमागे गेलं. पलीकडे माकडं खेकसू लागली. मी कू केलं. ओ नाही.

वळून पाहिलं. पोरगी सरळ बसली होती. मोबाईल मांडीवर, नजर पाण्यापलीकडे. समोरच्या काठावर वाघ पाणी पीत होता.

दुसरी हाक मी मारलीच नाही. डबा वाजवावा तर पळेल की अंगावर येईल? अस्वलाचं निभावलं, याचं काय सांगावं? डबा तसाच काखेत दाबला. एकेक पाऊल टाकत तिच्यापाशी गेले, तिचं मनगट धरलं. मोबाईलमध्ये तिचा गडी हात पाडून उभा होता. समोरचाही मारत नव्हता. जागच्या जागी दोन उड्या मारून तोही उभा राहिला.

वाघानं मान वर केली. आमच्याकडे पाहिलं, किती वेळ ते देवालाच ठाऊक. मग वळला आणि बांबूत शिरला.

मग मात्र मी जो डबा बडवला, तो घर येईपर्यंत थांबले नाही.

ओसरीवर बसल्यावर तिच्या मोबाईलवर निरोप आला. समोरच्यानं लिहिलं होतं, नेटवर्क गेलं का? मी थांबलो होतो. मॅचची वेळ संपली तेव्हा तिनंच मार जास्त खाल्लेला, म्हणून तो जिंकला होता. तिनं लिहिलं, हो, नेटवर्क गेलं.

"खरं काऊन नाई सांगितलं?"

"त्याले वाटलं असतं, हरली म्हणून वाघ सांगून राह्यली."

तेव्हा दोघी हसलो.

आता ती सुट्टीत घरातूनच खेळते. "मॅच चालू असली का हाक नको मारू," असं आधीच बजावते. मी चुलीपाशी दम धरून बसते. पण दिवस कलला की राहवत नाही, तोंडातून कू निघतंच.

"ओऽऽ! घरातच आहो ना वो आजी! पाडलं न त्यानं मले!"

मग मी भाकरी उलटते.