एसीच्या नावाची चौकट

अराबा क्वान्सेमा ही बाई फॉर्म बनवायची. किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात जन्माची नोंद संगणकावर आली तेव्हा तिची स्क्रिप्ट, म्हणजे फॉर्मने कसं वागायचं ते संगणकाला सांगणाऱ्या ओळी, अराबानेच लिहिली, आणि त्यातल्या एका ओळीचा तिला फार अभिमान होता. नावाची चौकट भरून फॉर्म जतन झाला, की ती चौकट फक्त वाचण्यापुरती उरायची. मग कुणी कितीही बोटं आपटोत, अक्षर हलायचं नाही. जुन्या वह्यांत नाव-तारीख खोडून फुटबॉलवाल्या पोरांची वयं कमी करणारे महाभाग तिने डोळ्यांनी पाहिले होते.

गोची अशी, की आमच्याकडे बाळाला नाव आठव्या दिवशी मिळतं. तोवर वाराचं नाव असतं: शनिवारची ती अमा, रविवारची ती एसी. फॉर्म मात्र कोरी चौकट घेईना. मग नर्सबाया वाराचं नाव टाकून मोकळ्या व्हायच्या, आणि स्क्रिप्ट कुलूप घालून मोकळी. बाप खरं नाव घेऊन आला, की नोंदीच्या टेबलावर बसलेली अराबा त्याला प्रतिज्ञापत्र करून राजधानीला जायला सांगायची. लोक पाठीमागे तिला कुलूपबाई म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगा, थोडं आवडायचंही.

एका मंगळवारी, होड्या समुद्रात जात नाहीत त्या दिवशी, एग्या बोटवे आले. म्हातारा कोळी, सगळं बंदर त्यांना एग्या, म्हणजे बाबा म्हणे. त्यांची मुलगी बाळंतपणात गेली होती, नात तेवढी वाचली. आठव्या दिवशी त्यांनी नातीला आईचंच नाव ठेवलं. दाखल्यावर मात्र नुसतं 'एसी'. त्या रविवारी जन्मलेल्या चार एसींपैकी एक.

अराबाने राजधानीचा रस्ता दाखवला. म्हातारा खुर्चीतून उठला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "बारशाला नातीच्या जिभेवर मी पाण्याचा थेंब ठेवला नि सांगितलं, पाणी असेल तर पाणी म्हण. मग दारूचा ठेवला. दारू असेल तर दारू म्हण. जे आहे तेच बोलायचं. तुझ्या यंत्राला हे कुणी शिकवलं नाही का? अर्धं नाव धरून बसलंय आणि म्हणतंय, झालं."

अराबाने स्क्रिप्ट उघडली. चौकट भरली की कुलूप, या ओळीत कुलपापुढे एकच शब्द होता: 'खरं', म्हणजे लाव. चौकट भरली होती हे खरं होतं. नाव ठेवलं गेलं होतं हे नव्हतं. तिचं स्वतःचं 'अराबा' हे मंगळवारचं नाव, 'क्वान्सेमा' आठव्या दिवशीचं, तरी हा फरक तिच्या कधी ध्यानात आला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने ओळ बदलली: नाव ठेवलं असं घरच्यांनी सांगेपर्यंत कुलूप नाही. मग एसीचा फॉर्म उघडून कुलपापुढे 'खोटं' लिहिलं. कुलूपबंद करडी चौकट पांढरी झाली.

"सांगा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. लेकीला पुरल्यापासून ते नाव त्यांनी एकदाच घेतलं होतं, नातीच्या बारशाला. बाहेरची रांग कुरकुरू लागली. अराबाने तिला गप्प केलं आणि थांबून राहिली.

"एजिर्बा," ते शेवटी म्हणाले.

तिने एकेक अक्षर टाकलं, त्यांना वाचून दाखवलं, नाव ठेवल्याची खूण केली आणि जतन केलं. चौकट पुन्हा करडी झाली.

"आता हे कुणी पुसणार नाही ना?"

कुणीच नाही, असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं.

"मला पुसता येईल, एग्या," ती म्हणाली. "पण मी पुसणार नाही."

एग्यांनी मान हलवली. मग एसी एजिर्बाचा दाखला घडी न घालता दोन्ही हातांत धरून ते घराकडे निघाले.