नानासाहेबांची हत्तीण

हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयाचा इतिहास ज्याला पाठ नाही, असा माणूस आमच्या येडशी गावात शोधून सापडणार नाही. सगळं श्रेय नानासाहेबांचं. बत्तीस वर्षं त्यांनी तिथं हत्तींची देखभाल केली आणि निवृत्त होऊन आल्यापासून ते आमचे कान खातात. चहाला बसलात की निजामाच्या काळातल्या बागेतले पिंजरे सुरू. दुसऱ्या कपापर्यंत सगळे प्राणी मीर आलम तलावाजवळच्या मोठ्या जागेत हलतात, साल त्रेसष्ट. लग्न असो की दहावा, वाघ-सिंह तलावाशी पोचल्याशिवाय कुणाला उठता येत नाही.

इतिहास परवडला, खरा ताप हत्तिणीचा. "म्या पिलापासून वाढवली. आजबी हाक मारली तर शंभर हत्तींतनं पळत येईल!" तिथं शंभर हत्ती आहेत का, हे विचारायची सोय नव्हती.

शेवटी गौरीशंकर गुरुजी वैतागले. "एकदा दाखवाच," म्हणाले, आणि चाळीस जणांची बस ठरली. नानासाहेबांची गावातली सगळी पत आता एका हत्तिणीच्या आठवणीवर टांगलेली होती.

त्यांच्या पत्नी पुतळाबाईही निघाल्या. त्यांनी ते ठिकाण कधीच पाहिलं नव्हतं. नवरा तिकडं हत्ती सांभाळत असताना इकडं त्यांच्याकडं सासूबाई आणि दोन म्हशी होत्या. "घरापरीस काय चांगलं हाय तिथं, बघू तरी," त्या म्हणाल्या.

पोचल्यावर आम्ही वाघ, सिंह, गेंडा असे भराभर उरकले आणि हत्तींच्या खंदकापाशी येऊन उभे राहिलो. हत्तीण पार तिकडं झाडाखाली, आमच्याकडं पाठ करून चारा खात होती.

"मारा हाक," गुरुजी म्हणाले.

नानासाहेबांनी घसा खाकरला. मग पुतळाबाईंकडं पाहिलं. "ऊन लई हाय. तिला कशाला तरास?"

लोक फिदीफिदी हसायला लागले. "नाव इसरलाव का काय, नाना?"

नानासाहेबांची कानशिलं तापली. दोन्ही हात तोंडाशी धरून ते ओरडले, "पुतळे! ये गं माझे बाय!"

हत्तीण वळली. कान हलवत थेट काठाशी आली आणि तिनं सोंड लांब केली. नानासाहेब ढसाढसा रडले. पण टाळ्या वाजवायचं कुणालाच सुचलं नाही, कारण सगळं गाव पुतळाबाईंकडं बघत होतं.

आमच्याकडं जुन्या पिढीतला नवरा चारचौघांत बायकोला नावानं हाक मारत नाही. मारली तर बाईलवेडा ठरतो. नानासाहेबांनी ही रीत जन्मभर कडक पाळली. "ऐकलं का?" एवढ्यावर त्यांचा संसार झाला. तेच नाव हैदराबादेत रोज पन्नासदा, तेही लाडानं, घेतलं जात होतं.

पुतळाबाई जवळच्या बाकावर जाऊन बसल्या. बस निघायची वेळ झाली तरी उठेनात. ड्रायव्हरनं दोनदा निरोप धाडला.

नानासाहेब बाकापाशी गेले. "ऐकलं का? गाडी निघाली."

पुतळाबाईंची नजर हत्तिणीवर. "ती नावानं येती. म्याबी नावानंच येईन."

नानासाहेबांनी मागं वळून आमच्याकडं पाहिलं. आम्ही लाज सोडून तिथंच उभे होतो. त्यांनी मान खाली घातली.

"पुतळा," ते पुटपुटले.

"ऐकू न्हाय आलं," पुतळाबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून आणखी ऐसपैस बसल्या.