आभाळातून काढलेला रोल

मंचरच्या माझ्या स्टुडिओत आता लोक येतात ते पासपोर्टच्या फोटोसाठी. मागच्या खोलीत मात्र मी अजून कृष्णधवल रोल धुतो. माझा एक मित्र जुन्नरला घड्याळं दुरुस्त करतो, जुने कॅमेरेही त्याच्याच हातून बरे होतात. फोटो काढायला त्याला मी शिकवलं.

गेल्या हिवाळ्यात जुन्नरजवळच्या मोकळ्या रानात पाठीला इंजिनाचा पंखा बांधून पॅराशूटनं उडणारा एक पॅरामोटरवाला आला. त्याच्या पुढ्यात एकाच माणसाची जागा. मित्र म्हणाला, "आधी तू जा राव. तुझा हात लई चांगला." मी पट्टे बांधून घेतले, इंजिन सुरू झालं आणि मी घाबरून पट्टे सोडायला लावले. कॅमेरा मित्राच्या गळ्यात अडकवला. तो वर गेला. मी खाली उभा राहून मनात म्हणत होतो, ढग येऊ दे, शटर अडकू दे. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी त्यानं रोल माझ्या हातात दिला. "दुकानात लावायला एक तरी फोटो निघू दे," म्हणाला.

निघाला की! धुतलेला ओला रोल दिव्यासमोर धरला आणि एकविसाव्या फ्रेमवर अडकलो. लेण्याद्रीच्या कड्यातली लेण्यांची सबंध ओळ, खाली कुकडीचं वळण, उसावर पडलेल्या लांब सावल्या. मी उभा जन्म लग्नं आणि बारशी काढली. असा एक फोटो माझ्या नावावर नाही. आणि ह्यानं पहिल्याच फेरीत काढला! ती जागा माझी होती. ओल्या फिल्मला माझं नख लागलं. लागलं कसलं, मी लावलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. प्रिंटवर आभाळापासून नदीपर्यंत काळी रेघ होती. त्यानं प्रिंट पाहिला, मग निगेटिव्ह मागून घेतली आणि उजेडात पाहिली.

"कॅमेऱ्यात खडा गेला असंल," तो म्हणाला. "रानात लई धूळ व्हती. तू नको वाईट वाटून घेऊ."

चहा पिऊन तो एसटीनं परत गेला.

कॅमेऱ्यातल्या खड्याचा ओरखडा रोलच्या लांबीनं सरळ जातो, पुढच्या फ्रेमांवरही उमटतो. हा तिरका होता, एकाच फ्रेमवर. दोन्हींतला फरक त्याला मीच शिकवला आहे.