शंभर किलो आणि पुणतांब्याचं स्थळ

मिरजगावातल्या आमच्या शेडचा पत्रा आणि मी, आमचं कधी जमलंच नाही. मी सहा फुटांच्या वर, वजन एकशे वीसच्या घरात. हात वर केले की रॉड थेट पत्र्याखालच्या अँगलला धडकायचा. म्हणून बाकीचा व्यायाम शेडमध्ये आणि ओव्हरहेड प्रेस तेवढी बाहेर अंगणात, कांदा साठवायच्या चाळीशेजारी. सरळ उभं राहायचं, खांद्यावरचा रॉड नुसत्या हातांच्या जोरावर डोक्याच्या वर न्यायचा, गुडघ्यातून उसळी द्यायची नाही. ऐकायला काय, सोपंच आहे. अंगण रस्त्याला लागून, त्यामुळे माझा व्यायाम हा गावचा व्यायाम झाला होता. कोण दुधाची किटली खाली ठेवून थांबायचं, कोण गाडी स्टँडला लावायचं, आणि रॉड कपाळापाशी अडकला की सगळे मिळून हळहळायचे. हळहळून झालं की सल्ले द्यायचे. ज्यांनी जन्मात पाण्याचा हंडा उचलला नाही, ते मला कोपर कुठं ठेवायचं ते सांगायचे.

माझा जीव शंभर किलोंवर अडकला होता. साडेसत्त्याण्णव जायचे. शंभर मात्र कपाळाच्या वर चार बोटं जाऊन थांबायचे, ते थांबायचेच. मी काय करायचं बाकी ठेवलं? नगरच्या एका लेथवाल्याकडून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चकत्या कातून आणल्या. कुठल्या मशिनीला लागतात म्हणून त्यानं विचारलं, तर खांद्याला म्हणालो. त्यानं पुढं काही विचारलं नाही. दोन्ही बाजूंना एकेक चकती लावली की एक किलो वाढतो, आणि तो एक किलो पचवायला मला दोन वर्षं लागली. हुलग्याचं माडगं वाढवलं, अंडी वाढवली, झोप वाढवली. आईच्या मते पोटाचा घेर सोडून काहीच वाढत नव्हतं.

अंग फुगवायचं औषध मी कधी घेतलं नाही. त्यात साधुत्व वगैरे काही नाही, सुई बघितली की एवढा मोठा मी पांढराफटक पडतो. आणि दुसरं म्हणजे हट्ट. वर जाईल तर भाकरीवर जाईल, नाही तर गेलं खड्ड्यात.

अशात आत्यानं स्थळ आणलं. आत्या दिलेली पुणतांब्याला. मुलगी तिथलीच, फार्मसी शिकलेली, जवळच्या एका मेडिकल दुकानात कामाला. बघायचा कार्यक्रम आत्याच्याच घरी झाला. मला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. असल्या खुर्च्यांचा मला फार वाईट अनुभव आहे, म्हणून मी बसायच्या आधी तिचे पाय हलवून बघत होतो. तेवढ्यात ती मुलगी आत गेली आणि लोखंडी खुर्ची घेऊन आली. "ही धरंल," एवढंच म्हणाली. मला ती तिथंच आवडली. खोटं कशाला सांगू, परतीच्या एसटीत दोन माणसांची जागा अडवून बसलो होतो आणि एकटाच हसत होतो.

आता मुलीकडचे गावात येऊन चौकशी करणार, हे ठरलेलंच. एक दिवस तिचे वडील आले आणि स्टँडजवळच्या हॉटेलात कांद्याचा भाव विचारत बसले. परका माणूस चहा पिता पिता कांद्यावरून हळूच एखाद्या पोरावर घसरला, की आमच्या गावाला काय ते समजतं. मग सगळं गाव एक होतं. एरवी बांधावरून बोलत नसलेली माणसंसुद्धा अशा वेळी पोराची तारीफच करतात. हॉटेलवाल्यानं तर कमालच केली. माझ्या नावानं पुण्याहून आलेलं पार्सल त्यानं एकदा उतरवून घेतलं होतं. त्यात कमरेचा पट्टा आणि हाताला चोळायची पांढरी पूड होती. पण त्यानं छाती फुगवून सांगितलं, की पोरगं साधंसुधं नाही, त्याला फॉरेनचं औषध येतं, लई ताकदीचं, टोचून घ्यावं लागतं. त्याच्या मते दारात ट्रॅक्टर असणं आणि अंगात फॉरेनचं औषध असणं, दोन्हींची शान सारखीच.

दोन दिवसांत आत्याचा फोन. स्थळ मोडल्यात जमा होतं. औषधाच्या नादानं पोरं होत नाहीत, मूत्रपिंडं जातात, असं तिचे वडील म्हणत होते, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. आईनं रक्त तपासून द्यायची तयारी दाखवली (माझं रक्त, मला न विचारता). ते म्हणाले, कागद काय हवा तसा मिळतो. मी हॉटेलात जाऊन जो काही तमाशा केला तो इथं लिहीत नाही. हॉटेलवाला शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला, की अरे, मी तुझं चांगलंच सांगितलं. आणि ते खरंच होतं, म्हणून माझा आणखी संताप झाला.

शेवटी आत्यानं गळ घातली, निदान घर तरी बघून जा. ते आले, आणि मुलगीही सोबत आली. जेवणं झाली. मग तिच्या वडिलांनी विचारलं, ते उचलता ते काय असतं, बघू तरी. मला वाटलं, हीच वेळ. शंभर किलो वर गेले की ह्यांची तोंडं बंद. जितकं जास्त उचलीन तितका त्यांचा संशय वाढेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. सगळी ताकद खांद्यात गेली, डोक्याला काही उरली नव्हती.

कुंपणापाशी गाव जमलं. पट्टा आवळला, श्वास कोंडला, हनुवटी मागं घेतली, रॉड निघाला. नाक गेलं, कपाळ गेलं, चार बोटं वर गेला आणि थांबला. मी थरथरतोय, तोंड वांग्याच्या रंगाचं झालंय, रॉड काही हलेना. खाली आला. दम घेऊन पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. आई आत निघून गेली. मला सावरायला हॉटेलवालाच पुढं झाला आणि तिच्या वडिलांना म्हणाला, "आज त्याचा डोस ऱ्हायला आसंल."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. संपलं सगळं, असंच वाटलं, आणि शंभर किलोंपेक्षा त्या लोखंडी खुर्चीचं वाईट वाटलं.

तेव्हा ती पुढं आली. रॉडकडं बघत तिनं मला विचारलं, हे किती दिवसांपासून अडलंय? मी मान खाली घालून म्हणालो, दोन वर्षं. मग दोन वर्षांत वाढलं किती? मी म्हणालो, एक किलो. ती एवढी हसली, की तिला चाळीला हात टेकावा लागला.

"आण्णा, सुया मागायला आमच्या दुकानात येत्यात ती पोरं मी रोज बघते," ती वडिलांना म्हणाली. "चार महिन्यांत फुगून कुठल्या कुठं जात्यात. दोन वर्षांत किलोभर वाढणाऱ्यानं भाकरीशिवाय काय खाल्लं असंल?"

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, रॉडकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच आत हाक मारून आईकडं चहा मागितला. माझ्या अपयशाला त्या अंगणात जेवढा मान मिळाला, तेवढा यशाला कधी मिळाला नाही.

लग्न झालं. चकत्या लावणं चालूच राहिलं. आणि यंदा कांदा चाळीत भरून झाल्यावर एका सकाळी शंभर किलो कपाळापाशी थांबले, विचारात पडले, आणि गेले वर. हात सरळ, रॉड डोक्यावर, वर मोकळं आभाळ. बायको समोर मोबाईल धरून उभी होती. मी रॉड टाकला आणि रडलो, त्यात लाज कसली. मग नाक पुसत तिला म्हणालो, आधी आण्णांना पाठव.

तिनं व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि मोबाईल बंद केला.

"त्यांना नका दाखवू," ती म्हणाली. "आत्ता कुठं त्यांचा इश्वास बसलाय."